रंगाआधी रेषा

बाटलीच्या बुचाची मूठ हे लेथवरच्या सगळ्यांत लहान कामांपैकी एक. साधारण ४० मिलिमीटर व्यासाचा आणि ५०-६० मिलिमीटर उंचीचा लाकडाचा घाट, त्याच्या बुडात आट्यांवर बसवलेलं स्टीलचं निमुळतं बूच आणि त्या बुचाला सिलिकॉनच्या दोन-तीन कड्या. वाइनच्या बाटलीचं तोंड आतून साधारण साडेअठरा मिलिमीटरचं असतं, त्यामुळे धातूचा भाग तयारच मिळतो. कातणाऱ्याकडे उरते ती वरची मूठ. वेगवेगळ्या रंगांच्या लाकडांचे तुकडे जोडून ही मूठ करायची पद्धत हौशी कातकाम करणाऱ्यांमध्ये चांगली रुजली आहे, आणि त्याची कारणंही उघड आहेत. कपाटं-खुर्च्यांच्या कामातून उरलेले तुकडे सत्कारणी लागतात, लेथवरचं काम लवकर उरकतं आणि झालेली वस्तू कोणालाही भेट देता येते. पण याच सोयींमुळे तिच्याकडे शोभेचं, फावल्या वेळेचं काम म्हणून पाहिलं जातं. रंग जुळवायचे, सरस लावायचा, सुकला की कातून काढायचं, एवढंच त्यात आहे असं समजलं जातं. हे काम मनापासून करत आल्यावर माझं मत याच्या नेमकं उलट झालं आहे. तुकड्यांच्या कामात नक्षी आणि मजबुती एकाच निर्णयावर उभ्या असतात. तो निर्णय म्हणजे प्रत्येक तुकड्यातली लाकडाची रेषा कोणत्या दिशेला ठेवायची. रंगाचा विचार त्यानंतर यावा. जिथे तो आधी येतो, तिथे मूठ तयार झाल्या दिवशी सुंदर दिसते आणि ऋतू पालटला की उकलायला लागते.

यामागचं कारण लाकडाच्या स्वभावात आहे. तोडलेलं आणि वाळवलेलं लाकूडही हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, आणि त्याबरोबर फुगतं-आकसतं. ही हालचाल तिन्ही दिशांना सारखी असती तर प्रश्नच नव्हता. रेषेच्या दिशेने, म्हणजे झाडाच्या उंचीच्या दिशेने, लाकूड जवळजवळ हलतच नाही. रेषेला आडवं मात्र ते चांगलंच हलतं, आणि त्यातही दोन प्रकार पडतात. ओलं सागवान पूर्ण वाळेपर्यंत गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने सुमारे अडीच टक्के आकसतं आणि वार्षिक वलयांच्या कडेकडेने त्याच्या दुपटीहून जास्त, साडेपाच ते सहा टक्के. सागवान तर या बाबतीत शांत लाकडांत मोडतं. आता हे आकडे आपल्या हवेशेजारी ठेवून पाहा. कोकणात श्रावणाच्या सुमाराला हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या पुढे जाते, तेव्हा उघड्यावरच्या लाकडात १७-१८ टक्के ओलावा मुरतो. देशावर चैत्र-वैशाखात तेच लाकूड ६-७ टक्क्यांवर येतं. भेट म्हणून अमेरिकेतल्या थंड गावी गेलेली मूठ तर हिवाळाभर हीटरच्या कोरड्या हवेत राहते आणि तिच्यातला ओलावा आणखी खाली जातो. म्हणजे एकाच वस्तूला दहा टक्क्यांचा चढउतार सोसायचा आहे. पॉलिशमुळे या चढउताराचा वेग कमी होतो. पण तो थांबवणारं पॉलिश अजून निघालेलं नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो आकाराचा. दरवाज्याच्या फळीला हे सगळं लागू पडेल, पण ४० मिलिमीटरच्या मुठीत लाकूड हलून हलून किती हलणार? हिशोब करून पाहू. दहा टक्क्यांच्या फरकाने सागवान वलयांच्या दिशेने साधारण दोन टक्के हलतं. ४० मिलिमीटरचे दोन टक्के म्हणजे ०.८ मिलिमीटर. आता एक नेहमीची नक्षी घ्या. उभ्या रेषेच्या फिकट ठोकळ्याचे दोन भाग करून मध्ये शिसवीची पातळ आडवी चकती बसवायची, म्हणजे मुठीला गडद पट्टा येतो. चकतीतली रेषा आडवी असते. त्या रेषेच्या दिशेने शिसव हलणार नाही, पण तिच्या वरचं आणि खालचं लाकूड हलेल. उन्हाळा येईपर्यंत शिसवीचा पट्टा दोन बाजूंना ०.४ मिलिमीटर बाहेर आलेला असेल. डोळ्याला तो कदाचित दिसणार नाही, नखाला मात्र हमखास लागेल. ही मूठ वापरताना प्रत्येक वेळी बोटांच्या चिमटीत धरली जाते, आणि मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शातली पायरीही बोट ओळखतं. मोठ्या वस्तूतला दोष दुरून पाहताना लपतो. ही वस्तू पाहण्याआधी हाताळली जाते, त्यामुळे तिच्यात दोषाला लपायला जागा नाही. आकार लहान असला की हालचाल थोडी असते हे खरं, पण खपवून घेण्याची मर्यादा त्याहून लहान होते.

मग बहुतेक मुठींमध्ये रेषेचा विचार का केलेला नसतो? याचं एक कारण म्हणजे ही पद्धत मोठ्या भांड्यांकडून जशीच्या तशी उचललेली आहे. अमेरिकेत, विशेषतः ॲरिझोनाच्या रे ॲलनसारख्या कलावंतांनी तिथल्या मूळ रहिवाशांच्या मातीच्या भांड्यांवरची नक्षी लाकडात आणली, तेव्हा त्यांनी कड्यांवर कडी रचण्याची रीत वापरली. लहान तुकडे कोनात कापून त्यांचं एक कडं करायचं, अशी कडी वीटकामासारखी अर्ध्या तुकड्याने सरकवून एकमेकांवर बसवायची आणि मग कातायचं. प्रत्येक तुकड्यातली रेषा परिघाच्या बाजूने धावते. मोठ्या पोकळ भांड्याला ही रचना अगदी योग्य आहे. परिघ रेषेच्या दिशेत असल्याने तो हलत नाही आणि भांडं वर्षानुवर्षं गोल राहतं, जे एकाच ओंडक्यातून काढलेल्या वाडग्याला साधत नाही. पातळ भिंत आत-बाहेर, वर-खाली हलायला मोकळी असते. शिवाय हत्याराला सगळीकडे रेषेची लांब बाजूच भेटते, त्यामुळे पृष्ठभाग गुळगुळीत निघतो. मूठ मात्र पोकळ नसते. तिच्यात स्टीलच्या आट्यांना धरायला मध्ये भरीव गाभा हवा, आणि हा गाभा बहुतेक वेळा उभ्या रेषेचा दांडा असतो. इथे घोळ होतो. पावसाळ्यात गाभा आडवा फुगतो आणि न हलणाऱ्या कड्यांना आतून ढकलतो. उन्हाळ्यात कड्यांची चळत उंचीत आकसायला बघते आणि उंचीत न हलणारा गाभा तिला अडवतो. दोन्ही ऋतूंत ताण सांध्यावरच येतो. भांड्यात बिनचूक असलेली रचना मुठीत चुकीची ठरते, कारण तिच्या पोटात एक परकी रेषा घातलेली असते.

मुठीसाठी मला पटलेली रचना वेगळी आहे. सगळे तुकडे उभे ठेवायचे. आठ लांबट फाकी घ्यायच्या, प्रत्येकीतली रेषा लेथच्या अक्षाला समांतर ठेवायची, आणि गाभा असलाच तर तोही उभ्या रेषेचाच. अशा मुठीत उंचीच्या दिशेने कोणीच हलत नाही आणि आडव्या दिशेने सगळेच थोडेफार सारखे हलतात. सांध्यावर येणारा ताण यामुळे फार कमी होतो. ही युक्ती नवी नाही. १९व्या शतकात इंग्लंडच्या केंट परगण्यात टनब्रिज वेल्स गावाच्या आसपास कारागीर रंगीत लाकडांच्या बारीक काड्या एकत्र बांधून, सरसाने चिकटवून त्यांचा एक ठोकळा करत आणि तो लेथवर कातून शिवणकामाच्या वगैरे छोट्या वस्तू बनवत. हिरवा रंग हवा असला तर बुरशीमुळे नैसर्गिकरीत्या हिरवं पडलेलं ओकचं लाकूड वापरत. रंगांची एवढी हौस असूनही काड्या सगळ्या एकाच दिशेने, रेषेला रेषा समांतर ठेवून बांधलेल्या असत. त्या वस्तू आजही संग्रहालयांत आणि हौशी लोकांच्या संग्रहांत टिकून आहेत. त्या कारागिरांकडे होता तो जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस, आजच्या मानाने साधा आणि ओलाव्याला भिणारा. तरी त्या टिकल्या, याचं श्रेय मी चिकटवण्याच्या द्रव्याआधी काड्यांच्या दिशेला देतो.

सरसाचा विषय निघाला म्हणून दुसरा आक्षेप इथेच घेतो. आजचं फेव्हिकॉल किंवा इपॉक्सी लाकडापेक्षा मजबूत असतं, सांधा तुटण्याआधी शेजारचं लाकूड तुटतं, मग रेषेची चिंता कशाला, असं पुष्कळदा ऐकायला मिळतं. त्यातला अर्धा भाग बरोबर आहे. रेषेला रेषा समांतर ठेवून केलेला सांधा मोडून बघितला तर खरोखर बाजूचं लाकूड सोलून येतं. कड्याच्या रचनेत मात्र तुकड्यांची कापलेली टोकं एकमेकांना चिकटतात. टोकाशी लाकडाच्या नळ्या उघड्या असतात आणि त्या सरस शोषून घेतात. टोकाला टोक लावलेला सांधा निरुपयोगी असतो असं जुनी मंडळी सांगतात, तेही टोकाचं आहे. आधी पातळ सरसाचा एक हात मारून तो शोषू दिला आणि मग दुसरा हात लावला, तर असा सांधा बराच ताण सोसतो. पण लाकडात स्वतःत रेषेच्या दिशेने जेवढं बळ असतं, त्याच्या जवळपासही तो पोचत नाही. शिसवीसारख्या तेलकट लाकडात तर ताजी कापलेली किंवा ॲसिटोनने पुसलेली बाजू नसेल तर सरस नीट धरतच नाही. आणि सांधा अगदी अभंग राहिला असं धरलं, तरी प्रश्न मिटत नाही. आकसणाऱ्या लाकडाला जागा मिळाली नाही तर ते दुसरीकडे फाटतं. सरस जितका बळकट, तितकी चीर सांध्यावरून सरकून लाकडात जाते. चुकलेली दिशा सरसाने सुधारत नाही, फक्त फुटण्याची जागा बदलते.

तिसरा आक्षेप जुन्या वळणाच्या कारागिरांचा, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. त्यांचं म्हणणं असं की लाकूड मुळात एकसंध आहे, त्याचे तुकडे करून पुन्हा जोडायचे म्हणजे आपणच भांडण लावायचं आणि आपणच मिटवायचं. यातलं सत्य मान्य केलं पाहिजे. बाभळीच्या किंवा आंब्याच्या एका तुकड्यातून काढलेली मूठ ऋतूबरोबर अर्धा मिलिमीटर अंडाकृती झाली तरी कोणाला कळत नाही, कारण तिला अडवणारं आत कोणी नाही. पण एकसंध लाकडालाही स्वतःची मर्यादा आहे. गाभ्यासकट गोल ओंडका वाळला की त्याला हमखास चीर पडते. कारण दहा टक्के ओलावा गेला तरी परिघ दोन टक्के आकसू पाहतो आणि त्रिज्या फक्त एक टक्का. ४० मिलिमीटरच्या गोलाचा परिघ १२५ मिलिमीटर होतो. त्यात एक टक्क्याची तफावत म्हणजे जवळजवळ सव्वा मिलिमीटर. झाडाला हा तिढा सोडवता येत नाही, पण फाकी कापणाऱ्याला येतो. फाक टोकाकडून पाहिली की वलयांच्या बारीक रेघा दिसतात. टोक जरा ओलं केलं तर त्या आणखी स्पष्ट होतात. प्रत्येक फाकेत या रेघा मध्यबिंदूकडे जाणाऱ्या दिशेशी साधारण ४५ अंशांत तिरप्या ठेवल्या, तर त्रिज्येच्या आणि परिघाच्या दिशेची हालचाल जवळजवळ सारखी होते आणि सांधा उघडण्याचं कारणच क्षीण होतं. झाड वाढताना जी मांडणी करू शकत नाही, ती आपण फळीवर आखून करू शकतो. तुकडे जोडण्याचं माझ्या दृष्टीने सर्वांत मोठं समर्थन हेच आहे, आणि ते फक्त रेषा वाचणाऱ्यालाच मिळतं. रंगासाठी तुकडे करणाऱ्याला त्या जुन्या कारागिरांचा आक्षेप जसाच्या तसा लागू पडतो.

आता यंत्राची गोष्ट. संगणकावर चालणारं यंत्र कोन बिनचूक कापतं, मग यात कसब उरलं कुठे, असं विचारलं जातं. कोनाचं महत्त्व मी कमी लेखत नाही. आठ फाकींच्या मुठीत प्रत्येक बाजू साडेबावीस अंशांत कापायची असते आणि अशा बाजू असतात १६. प्रत्येक बाजूला दशांश अंशाची चूक झाली तर शेवटच्या सांध्यात १.६ अंशांची चूक साचते. २० मिलिमीटरच्या त्रिज्येवर ती अर्ध्या मिलिमीटरहून मोठी फट होते. कटरवर एवढी अचूकता रोज राखणं अवघड आहे, म्हणून हाताने काम करणाऱ्यांनी एक साधा तोडगा काढलेला आहे. चार-चार फाकींचे दोन अर्धे भाग आधी जोडायचे आणि त्यांना एकमेकांशी चिकटू द्यायचं नाही. ते सुकले की काचेवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर दोन्ही अर्ध्यांची जोडायची बाजू घासून सपाट करायची. दोन्ही बाजू समोरासमोर धरून उजेडाकडे पाहायचं, मधून प्रकाशाची रेघ दिसेनाशी झाली की मगच शेवटचा सांधा करायचा. साचलेली सगळी चूक या एका घासण्यात निघून जाते. यंत्र असलं तर हा खटाटोप वाचेल, आणि वाचला तर चांगलंच. पण यंत्राला जी फळी दिली, तिच्यातली वलयं कुठे वळतात, गाठीपाशी रेषा कशी तिरकी होते, कोणता भाग टाकून द्यायचा, हे फळी हातात घेऊन ठरवावं लागतं. कोन हा भूमितीचा प्रश्न आहे आणि तो मोजून सुटतो. लाकडातल्या दिशेचा निर्णय त्या फळीपुरता असतो आणि दरवेळी नव्याने घ्यावा लागतो.

मग रंगाला काही स्थान आहे की नाही? अर्थातच आहे, फक्त त्याचा मार्ग रेषेतून जातो. सावंतवाडीच्या लाकडी फळांवर रंग नंतर चढतो. चन्नपट्टणला फिरत्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी टेकवतात, घर्षणाने लाख वितळून बसते आणि केवड्याच्या पातीने तिला चकाकी आणतात. तिथे आतलं लाकूड फिकट आणि मऊ असलं की पुरतं, रंग त्याच्या रेषेला काही विचारत नाही. तुकड्यांच्या कामात रंग म्हणजेच लाकूड, आणि लाकडाबरोबर त्याची हालचाल आणि कठीणपणाही येतो. काळपट शिसव, पिवळा हेदू आणि तांबडा अंदमानी पदौक शेजारी ठेवले की नजर ठरत नाही. पण पॉलिश पेपर मऊ हेदूला जास्त झिजवतो आणि कठीण शिसवीला कमी, त्यामुळे घासत राहिलं तर मुठीवर लाटा उठतात. पदौकचा तांबडा धुरळा हेदूच्या छिद्रांत बसून पिवळ्याचा गढूळ गुलाबी करतो. दोन्हीवर उपाय एकच. धारदार हत्याराने पृष्ठभाग इतका साफ कापायचा की घासायला फार उरूच नये. हे छातीलाही हिताचं आहे. लाकडाचा धुरळा माणसात कर्करोग निर्माण करतो, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवलं आहे. आणि सगळी रेषा एका दिशेने असली तरच हत्यार एका दमात साफ कापतं. रेषा उलटसुलट असल्या की एका तुकड्यावर गुळगुळीत जाणारी धार पुढच्या तुकड्यावर तंतू उपटते. म्हणजे रंग शुद्ध राखायलाही शेवटी रेषाच उपयोगी पडते. शिवाय ऊन-उजेडाने पदौकची लाली काही काळाने तपकिरी होते, पिवळी लाकडंही गडद होत जातात. ज्या नक्षीची सगळी मदार रंगांच्या विरोधावर आहे, ती त्याबरोबर फिकी पडते. रेषांच्या मांडणीतून आलेली नक्षी, म्हणजे फाकाफाकींत आरशातल्यासारख्या समोरासमोर येणाऱ्या रेघा, रंग उतरल्यावरही वाचता येते.

या मताची किंमत मोजावी लागते, आणि ती सांगितल्याशिवाय हा युक्तिवाद प्रामाणिक ठरणार नाही. उभ्या फाकींच्या मुठीला वरचा घुमट दिला की तिथे सगळी कापलेली टोकं वर येतात. ती कापायला अवघड असतात, पॉलिश जास्त पितात आणि बाजूच्या भागापेक्षा गडद दिसतात. उभ्या रेषेच्या लाकडात टॅपने पाडलेले आटेही कमजोर असतात, म्हणून तिथे पितळेची आट्यांची नळी इपॉक्सीने बसवावी लागते. कड्यांच्या रचनेतून मिळणारे पायऱ्यांचे, नागमोडी, विणकामासारखे कितीतरी नमुने सोडून द्यावे लागतात. उरतात ते उभे पट्टे, तिरपे काप आणि रेघांच्या जुळण्या. हे निर्बंध मला जाचक वाटत नाहीत. उलट या मर्यादेतच डोळा फळीकडे नीट पाहायला शिकतो. कड्यांचा नमुना हवाच असेल त्याने गाभा लाकडाचा ठेवू नये, आट्यांची नळी फक्त तळाच्या थरात धरावी आणि वरची कडी आतून मोकळी सोडावीत. तसं केलं तर तोही नमुना टिकतो, कारण तिथेही शेवटी रेषेचंच ऐकलेलं असतं.

म्हणून या कामाची सुरुवात करणाऱ्याला रंगांचा तक्ता आधी देऊ नये असं मला ठामपणे वाटतं. आधी एकाच जातीच्या लाकडाची, एकाच रंगाची मूठ फाकींतून करायला सांगावी. रंग नसल्यामुळे त्यात लपवायला काही राहत नाही. सांधा दिसलाच तर तो चूक म्हणून दिसतो, आणि रेघा जुळल्या तर नक्षी आपोआप उभी राहते. ती जमली की दुसरं लाकूड द्यावं, तेही पहिल्याइतकंच हलणारं. प्रदर्शनांत आणि स्पर्धांत अशा वस्तू पाहणाऱ्यांनाही माझी हीच सूचना आहे. ताजी, चकचकीत मूठ पाहून गुण देऊ नयेत. एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढलेली मूठ मागावी, तिच्या सांध्यांवरून नख फिरवावं आणि मग बोलावं. तोवर रंग थोडे उतरलेले असतील, पण कारागिराने लाकूड किती ओळखलं होतं ते त्या नखाला लगेच कळेल.